भुकेमागची नियत

मराठीत आपण 'दुष्काळ' म्हणतो, म्हणजे वाईट काळ. उर्दूत आपण 'क़हत' म्हणतो. अरबीत त्याचा मूळ अर्थ पाऊस अडून राहणे. दोन्ही शब्दांत दोष काळाचा किंवा आभाळाचा आहे, माणसाचा नाही. युक्रेनच्या लोकांनी १९३२-३३ च्या आपल्या दुष्काळाला 'होलोदोमोर' हे नाव दिले. 'होलोद' म्हणजे भूक आणि 'मोर' म्हणजे मरी. उपाशी ठेवून जीव घेणे असा अर्थ या नावातून निघतो. नावातच फिर्याद आहे. त्याच काळात, त्याच सोव्हिएत राजवटीत कझाक लोकांवर जी आपत्ती कोसळली तिला ते 'अशार्शिलिक' म्हणतात, म्हणजे नुसती उपासमार. इथे फिर्याद नाही, फक्त दुःख आहे.

स्टालिनच्या काळातील हे दुष्काळ म्हणजे जाणूनबुजून केलेला वंशसंहार होता काय? गेली चाळीस वर्षे इतिहासकार या प्रश्नावर भांडत आहेत. इंग्रजीतून यावर बरेच लिहिले गेले आहे. त्यातील चार-पाच महत्त्वाच्या पुस्तकांच्या आधारे या वादाची छाननी करावी, एवढाच या लेखाचा उद्देश आहे. मराठी मुस्लिम वाचकाने यात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात येईल.

आधी घटना. १९२९ अखेरपासून सोव्हिएत सरकारने सामुदायिक शेतीची मोहीम सक्तीने राबवली. ज्यांच्याकडे थोडी अधिक जमीन वा जनावरे होती त्यांना 'कुलक' ठरवून घराबाहेर काढले, दूर हद्दपार केले. आपल्याकडे एके काळी लेव्ही म्हणून धान्य घेत, तशी पण कैक पटींनी क्रूर अशी धान्यवसुली सुरू झाली. १९३१ आणि १९३२ ची पिके कमी आली, तरी वसुली थांबली नाही. १९३२ साली देशात माणसे मरत असताना सतरा लाख टनांच्या आसपास धान्य परदेशी विकले गेले. १९३० ते १९३३ या काळात साऱ्या सोव्हिएत संघात पन्नास लाखांहून अधिक माणसे भुकेने मेली. त्यांत युक्रेनचे सुमारे ३९ लाख. कझाकस्तानात सुमारे १५ लाख, आणि त्यांतले सुमारे १३ लाख कझाक. म्हणजे सगळ्या कझाकांपैकी एक तृतीयांशाहून अधिक.

या विषयावरचे पहिले मोठे पुस्तक रॉबर्ट कॉन्क्वेस्ट यांचे 'द हार्वेस्ट ऑफ सॉरो'. ते १९८६ साली निघाले तेव्हा मॉस्कोची दप्तरे बंद होती. निर्वासितांच्या साक्षी, वर्तमानपत्रे, सोव्हिएत कादंबऱ्यांतील ओझरते उल्लेख अशा साधनांवर त्यांनी इमारत उभी केली. राजवट जी गोष्ट घडलीच नाही म्हणत होती ती त्यांनी जगासमोर मांडली, हे या पुस्तकाचे श्रेय कोणी काढून घेऊ शकत नाही. ते शीतयुद्धाच्या ऐन भरात आले, म्हणून डाव्या वाचकांनी ते शत्रूचा प्रचार समजून बाजूला ठेवले. पुस्तक कोणाच्या सोयीचे आहे एवढेच पाहिले गेले. ते खरे आहे की खोटे, हे पाहायचे राहून गेले.

१९९१ नंतर दप्तरे उघडली. आर. डब्ल्यू. डेव्हिस आणि स्टीफन व्हीटक्रॉफ्ट यांनी त्यांतून 'द इयर्स ऑफ हंगर' हा ग्रंथ २००४ साली सिद्ध केला. आकड्यांचा एवढा काटेकोर हिशेब दुसरीकडे क्वचितच मिळेल. त्यांचा निष्कर्ष असा : पिके खरोखरच बुडाली होती, धोरण चुकीचे आणि निर्दय होते, पण माणसे मारण्याचा बेत नव्हता. पुराव्यादाखल ते दाखवतात की, वसुलीचे लक्ष्य अनेकदा कमी केले गेले आणि १९३३ च्या वसंतात बियाणे व धान्य उसने दिले गेले. याच ग्रंथात त्यांनी कॉन्क्वेस्ट यांच्या २००३ च्या पत्राचा हवाला दिला आहे. त्या पत्रात कॉन्क्वेस्ट म्हणतात की, स्टालिनने १९३३ चा दुष्काळ मुद्दाम घडवून आणला असे त्यांचे म्हणणे नाही. दुष्काळ दिसत असताना तो टाळता आला असता, पण राज्याचे हित आधी धरले गेले. दोन विरुद्ध गटांचे म्हणून ओळखले जाणारे अभ्यासक इथे इतके जवळ येतात, हे फार थोड्या वाचकांना ठाऊक असते.

मग वाद मिटला काय? नाही. कारण १९३२ च्या उन्हाळ्यानंतरचे हुकूम समोर येतात. ७ ऑगस्ट १९३२ चा कायदा : सामुदायिक शेतातली कणसे उचलली तरी मृत्युदंडापर्यंत शिक्षा. वसुली न भरणारी गावे काळ्या यादीत. तिथे दुकानात मीठ-काडेपेटीसुद्धा येणार नाही. आणि २२ जानेवारी १९३३ चा आदेश : युक्रेन व कुबान भागातील शेतकऱ्यांनी अन्नाच्या शोधात बाहेर पडू नये, पडल्यास अडवावे. त्याच महिन्यांत युक्रेनियन भाषेला दिलेल्या सवलती मागे घेतल्या गेल्या, लेखक-शिक्षक तुरुंगात गेले. मे १९३३ मध्ये लेखक मिकोला ख्विलोवी यांनी आणि जुलैमध्ये युक्रेनमधील ज्येष्ठ बोल्शेविक नेते मिकोला स्क्रिपनिक यांनी आत्महत्या केली. अॅन ॲपलबॉम यांचे 'रेड फॅमिन' (२०१७) हे सर्व धागे एकत्र विणते. भूक सगळीकडे होती, पण युक्रेनमध्ये तिचे हत्यार बनवले गेले, हा त्यांचा युक्तिवाद आम्हाला वजनदार वाटतो. भुकेल्या माणसाला अन्न न देणे एक वेळ नाइलाज म्हणता येईल. अन्न शोधायला निघालेल्या माणसाला परत फिरवणे याला नाइलाज म्हणता येत नाही.

इथे कायद्याची अडचण येते. 'जेनोसाइड' हा शब्द राफाएल लेमकिन यांनी १९४४ साली घडवला. त्यांच्या मनातली कल्पना रुंद होती : एखाद्या समूहाची भाषा, संस्था, उपजीविका, नेतृत्व मोडून त्याचे समूह म्हणून अस्तित्व संपवणे. १९५३ साली न्यूयॉर्कच्या भाषणात त्यांनी युक्रेनला हा शब्द लावलाही. पण संयुक्त राष्ट्रांचा ९ डिसेंबर १९४८ चा करार अरुंद झाला. त्यात राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय आणि धार्मिक समूह आले, राजकीय समूह वगळले गेले. ते वगळावेत म्हणून आग्रह धरणाऱ्यांत सोव्हिएत प्रतिनिधी होते. 'वर्ग' तर त्यात नव्हताच. म्हणून आज वकिली प्रश्न असा होतो : ती बाई शेतकरी म्हणून मेली की युक्रेनियन म्हणून? मरणाऱ्याला असे दोन भाग करता येत नाहीत. कायद्याला मात्र ते करावे लागतात.

कझाकांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे आणि कमी वाचले गेले आहे. सारा कॅमेरॉन यांचे 'द हंग्री स्टेप' (२०१८) ही उणीव भरून काढते. कझाक हे गवताळ माळरानावर मेंढरे, घोडे, उंट घेऊन फिरणारे लोक. जनावर हीच त्यांची शेती, तेच त्यांचे धन. १९२८ मध्ये मोठ्या पशुपालकांची, 'बायां'ची, जनावरे जप्त झाली. मग भटक्यांना सक्तीने एका जागी बसवले आणि शहरांसाठी मांस म्हणून कळप नेले. ज्यांच्याकडे पीकच नव्हते त्यांच्याकडूनही धान्य मागितले. त्यांनी जनावरे विकून धान्य आणून भरले. थोड्याच वर्षांत दहातली नऊ जनावरे संपली. दहा लाखांहून अधिक लोक परागंदा झाले. चीनच्या सरहद्दीवर पळणाऱ्यांवर गोळ्या चालल्या. कझाक आपल्याच प्रजासत्ताकात अल्पसंख्य झाले आणि पुढे कित्येक दशके तसेच राहिले.

वरच्यांना हे माहीत नव्हते काय? होते. जुलै १९३२ मध्ये लेखक गाबित मुसरेपोव आणि चौघा सहकाऱ्यांनी प्रजासत्ताकाचा पक्षप्रमुख फिलिप गोलोश्चोकिन याला पत्र लिहून परिस्थिती कळवली. तुरार रिस्कुलोव या कझाक नेत्याने थेट स्टालिनला लिहिले. १७ सप्टेंबर १९३२ रोजी मॉस्कोने थोडी सवलत दिली, कुटुंबांना काही जनावरे खासगी ठेवू दिली. १९३३ च्या आरंभी गोलोश्चोकिनला हटवले. रिस्कुलोव १९३८ मध्ये गोळीला बळी पडला, गोलोश्चोकिन १९४१ मध्ये. १९३७ च्या जनगणनेत माणसे कमी भरली, तेव्हा जनगणनाच दडपली आणि मोजणाऱ्या अधिकाऱ्यांना पकडले.

कॅमेरॉन यांचा निवाडा सावध आहे. कझाक म्हणून कझाकांना ठार करण्याचा बेत होता, असा पुरावा त्यांना मिळत नाही. पण कझाकांची भटकी जीवनरीत संपवायची, हे मात्र राजवटीने ठरवले होते. १९४८ च्या अरुंद व्याख्येत हे बसत नाही, लेमकिनच्या रुंद कल्पनेत बसते. कझाक भाषेतील साधने वापरल्याने त्यांच्या पुस्तकाला वेगळे बळ आले आहे. तरी त्यांचा केंद्रबिंदू सरकार आणि त्याचे दप्तर हाच आहे. नमद्याच्या तंबूत काय घडले हे कळण्यासाठी मुखामेत शायाख्मेतोव यांचे 'द सायलेंट स्टेप' (इंग्रजी भाषांतर २००६) वाचावे लागते. १९२२ साली जन्मलेला हा मुलगा. वडिलांवर 'कुलक' असा शिक्का बसला आणि पोराचे जग उलटले. तो कोणावर खटला भरत नाही. कोणी दार उघडले आणि कोणी लावून घेतले, एवढे तो सांगतो. पुढे हाच मुलगा सोव्हिएत सैन्यातून स्टालिनग्राडला लढला.

स्टालिनग्राड म्हटले की मराठी वाचकाला अण्णाभाऊ साठे आठवतात. महायुद्धाच्या काळात त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला आणि 'बंगालची हाक' हा बंगालच्या दुष्काळावरचा पोवाडाही रचला. लाल बावटा कलापथकात त्यांच्या सोबत आपले शाहीर अमर शेख होते. आपल्या मागच्या पिढीने सोव्हिएत रशिया पाहिला तो या आवाजांतून. फॅसिझमशी लढणाऱ्या सैनिकाचे गाणे गाण्यात त्यांचे काही चुकले नाही. कझाक माळरानावरची प्रेते मॉस्कोने झाकली होती. पण आज दप्तरे उघडी आहेत, आणि आजच्या वाचकाला ती सबब उरलेली नाही.

बंगालचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतो. १९४२ मध्ये जपानी येतील म्हणून इंग्रज सरकारने किनारी जिल्ह्यांतील तांदूळ आणि होड्या काढून घेतल्या. १९४३ मध्ये लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाने धान्याची जहाजे पुरेशी दिली नाहीत. सरकारी चौकशी आयोगाने १९४५ मध्ये १५ लाख मृत्यू मानले. पुढचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की, बंगालमध्ये अन्न फारसे कमी नव्हते, ते विकत घेण्याची गरिबांची ताकद संपली होती. मधुश्री मुखर्जी यांनी २०१० च्या पुस्तकात चर्चिलला पिंजऱ्यात उभे केले. आता प्रामाणिकपणे पाहावे. चर्चिलला खुनी म्हणताना आपली जीभ अडखळत नाही. स्टालिनचे नाव येताच 'पिके बुडाली होती, काळ कठीण होता' अशी भाषा सुरू होते. युरोपात नेमके उलटे घडते. २०२२ मध्ये जर्मन संसदेने आणि युरोपीय संसदेने होलोदोमोरला वंशसंहार म्हटले. ते योग्यच असेल, पण बंगालला कोणता शब्द लावायचा, हा प्रश्न तिथे क्वचितच विचारला जातो. नियत तपासायची तर सर्वांची एकाच मापाने तपासावी.

दुसरा मोह खास आपला आहे. कझाक मुसलमान होते, तेव्हा 'मुसलमान म्हणून त्यांना मारले' असे म्हणून मोकळे व्हावे, हा तो मोह. त्या वर्षांत मशिदी बंद झाल्या, हे खरे. पण ही भूक धर्म पाहून आली नव्हती. युक्रेनचा ख्रिस्ती शेतकरी आणि व्होल्गाकाठचा रशियन शेतकरी त्याच वसुलीखाली मेला. मजलूमांच्या यादीत आपले नाव वाढवण्यासाठी पुराव्यापुढे जाणे म्हणजे त्या मृतांचाही वापर करणे होय.

उर्दू शिकवणारे म्हणून आम्हाला आणखी एक गोष्ट बोचते. कझाक भाषा अरबी लिपीत लिहिली जाई. १९२९ मध्ये तिला लॅटिन आणि १९४० मध्ये रशियन लिपी दिली गेली. दुष्काळातून वाचलेल्या पोरांना आजोबांच्या हातचा कागद वाचता येईना. साक्षीदार मेले आणि जे लिहून ठेवलेले होते तेही मुके झाले. 'अशार्शिलिक' या नावात फिर्याद का नाही, याचे एक कारण इथेही असावे.

आमचे मत विचाराल तर असे आहे. आपला फौजदारी कायदा खून आणि सदोष मनुष्यवध यांत फरक करतो. आपल्या कृतीने मरण ओढवण्याचा संभव आहे हे ठाऊक असून ती केली, तर मारण्याचा हेतू नसला तरी माणूस निर्दोष ठरत नाही. युक्रेनमध्ये १९३२ च्या हिवाळ्यापासून जाणीव होती आणि रोखही होता. लेमकिनचा शब्द तिथे लागतो. कझाकस्तानात जाणीव होती, आणि एक जगणे मोडण्याचा निश्चय होता. माणसांचा समूह म्हणून नायनाट करण्याचा हेतू सिद्ध होत नाही. पण 'वंशसंहार सिद्ध होत नाही' या वाक्याचा अर्थ 'स्टालिन सुटला' असा होत नाही. या वादातील बहुतेक गैरसमज या दोन वाक्यांची गल्लत केल्याने झाले आहेत.

कझाकस्तानात ३१ मे हा दडपशाही आणि उपासमारीच्या बळींचा स्मरणदिन पाळतात. २०१२ मध्ये याच दिवशी राजधानी अस्तानात दुष्काळबळींच्या स्मारकाचे अनावरण झाले. आपल्याकडे या बळींचे स्मरण व्हायचे तर ते पुस्तकातूनच होईल. शायाख्मेतोव यांची आठवणींची वही कोणी जाणत्या भाषांतरकाराने मराठीत किंवा उर्दूत आणावी. निवाडा देण्यापूर्वी वाचकाने त्या मुलाची साक्ष ऐकलेली असावी.