कराराच्या कलमांतून उगवलेले गाणे

ब्रिटिश नभोवाणीने रोज किती तास ध्वनिमुद्रिका वाजवाव्यात, यास कंपन्या व वादकसंघ यांच्याशी झालेल्या करारांची मर्यादा १९८८ पर्यंत होती. उरलेला वेळ प्रत्यक्ष वादकांनी भरावयाचा. कलमांवर उपजीविका करणाऱ्या आम्हांस हे विशेष सुखावते. कारण त्यांच्याच आडोशाने जॉन पील यांच्या रेडिओ वनवरील कार्यक्रमात, १९६७ पासून, कोणत्याही कंपनीने न पुसलेल्या रॉक-वादकांच्या कित्येक ताफ्यांस स्टुडिओ लाभला.

लंडनच्या मेडा व्हेल येथे बहुधा एकाच दिवसात चार गाणी मुद्रित होऊन तयार व्हावयाची. घासूनपुसून गुळगुळीत करण्यास उसंतच नाही! काही गाणी साफ फसली, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि मँचेस्टरच्या ‘द फॉल’ची २४ सत्रे क्रमाने ऐकावीत. वादक येतात, जातात. मार्क स्मिथ यांचा तिरकस, कुरकुरणारा स्वर तेवढा ठाण मांडून असतो. त्यांच्या तबकड्यांतील नेटकेपणापेक्षा ही घाईची गाणीच आम्हांस अधिक सच्ची वाटतात.

बंधन उठल्यावर सत्रांची गरज उरली नव्हती. तरी पील यांनी ती २००४ साली, आपल्या निधनापर्यंत, चालू ठेवली.