वादळ कोणी निवडले?

समुद्र न पाहिलेल्या माणसाने समुद्रावरील चित्रपटाविषयी मत द्यावे काय, असा प्रश्न आमच्या किनाऱ्यावरील वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. वसई-उत्तनच्या कोळीवाड्यांत वाढलेल्या वाचकाला जे उपजतच कळते, ते आम्हां वर्धा जिल्ह्यातील मंडळींना शिकावे लागते. आमचे पाणी म्हणजे पवनारची धाम, हिंगणघाटची वणा आणि जिल्ह्याला आपले नाव देणारी वर्धा. मुंबईचा समुद्र आम्हांपासून रेल्वेने साडेसातशे किलोमीटर दूर. तरीही 'द परफेक्ट स्टॉर्म' या २००० सालच्या अमेरिकन आपत्तिपटाविषयी आमच्या परिचयातील कुटुंबांत जी मते ऐकू आली, ती नोंदवावीत, आणि त्यांपैकी एका मताशी जरा भांडावे, असा आमचा मानस आहे. चित्रपट आता जुना झाला. परंतु त्याच्याविषयी जे बोलले जाते, ते जुने झालेले नाही.

कथा थोडक्यात अशी. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्लॉस्टर या प्राचीन बंदरातून 'आंद्रेआ गेल' नावाची बोट १९९१ च्या सप्टेंबरमध्ये तलवारमाशाच्या मासेमारीसाठी निघाली. बोटीवर तांडेल बिली टाइन धरून सहा जण होते. जवळच्या पाण्यात मासा लागेना, म्हणून बोट दूर पूर्वेला गेली. परतीच्या वाटेवर, २८ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, तिचे रेडिओवरचे शेवटचे बोलणे झाले. त्यानंतर बोट सापडली नाही, माणसेही सापडली नाहीत. एक जुने वादळ, उत्तरेकडील थंड हवा आणि 'ग्रेस' नावाचे चक्रीवादळ यांच्या मिलाफातून समुद्राने असे रूप धारण केले होते, की कॅनडाच्या नोव्हा स्कोशियापुढील तरंगत्या मापकाने त्या दिवसांत ३० मीटरहून उंच लाट नोंदवली. सेबास्टियन युंगर यांनी या घटनेवर १९९७ साली पुस्तक लिहिले, आणि वुल्फगँग पीटरसन यांनी त्यावरून चित्रपट काढला. टाइनच्या भूमिकेत जॉर्ज क्लूनी आहेत, आणि बॉबी या तरुण खलाशाच्या भूमिकेत मार्क वॉलबर्ग.

लाटांविषयी आमच्या प्रेक्षकांत दुमत नव्हते. मुलांनी तर तेवढेच पाहिले. त्या लाटा बहुतांशी संगणकावर घडवलेल्या आहेत, आणि बोट चित्रीकरणगृहातील हौदात यंत्रावर हेलकावत होती, हे सांगूनही कोणाची भीती कमी झाली नाही. ध्वनी आणि दृश्यचमत्कार या दोन्ही विभागांत चित्रपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले होते, ते योग्यच होते. पीटरसन यांनी १९८१ साली 'दास बोट' या चित्रपटात पाणबुडीच्या पोटात कोंडलेली माणसे दाखवली होती. तेथे समुद्र फारसा दिसत नाही, पण जहाजाचा पत्रा कुरकुरला की प्रेक्षकाचा श्वास अडकतो. येथे समुद्र इतका दिसतो, की काही वेळाने तो सवयीचा होतो. माणसे लाटेमागे लपतात, ही अनेकांची तक्रार आम्हांला मान्य आहे. वादळात सापडलेली शिडाची नौका आणि हेलिकॉप्टरने तिच्यावरील प्रवाशांची केलेली सुटका हे उपकथानकही काहींना नको वाटले. त्यात तथ्य आहे. मात्र बचावासाठी गेलेले हेलिकॉप्टर इंधन न मिळाल्याने समुद्रात उतरवावे लागले आणि त्यातील एक जवान परत आला नाही, हे प्रत्यक्ष घडलेले आहे. ते गाळले असते, तर त्या माणसावर अन्याय झाला असता.

दुसरी शंका अधिक मार्मिक होती. एका शाळकरी मुलीने विचारले, "कोणीच वाचले नाही, तर हे सगळे सांगितले कोणी?" प्रौढांना हा प्रश्न सुचला नव्हता, हे नमूद करतो. युंगर यांनी आपल्या पुस्तकात याच अडचणीला थेट तोंड दिले आहे. संवाद रचायचे नाहीत असा दंडक त्यांनी पाळला. त्या बोटीवर काय घडले असावे हे त्यांनी दुसऱ्या बोटींवरच्या, मरता मरता वाचलेल्या माणसांच्या अनुभवांवरून सांगितले. चित्रपटाला ती वाट मोकळी नव्हती. पडद्यावरचा नट गप्प बसू शकत नाही. मग कल्पना करणे अपरिहार्य होते. पण कल्पनेला खऱ्या माणसांची खरी नावे दिली गेली. आरंभी सत्यकथेचा दावा करणारी पाटी झळकते, आणि संवाद व काही प्रसंग नाट्यासाठी रचले आहेत हा खुलासा शेवटच्या श्रेयनामावलीत येतो, जेव्हा प्रेक्षक चपला शोधत असतात. टाइन यांच्या कुटुंबीयांनी निर्मात्यांवर दावा लावला. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली, नावाच्या व्यापारी वापराविरुद्धचा तेथील कायदा अशा चित्रपटाला लागू होत नाही, असा निर्वाळा दिला. कायद्याचा अर्थ न्यायालयाने लावला. बापाचे चित्र खोटे रंगवले गेले, असे ज्या मुलींना वाटले, त्यांच्या मनाचे समाधान त्याने झाले असेल असे आम्हांला वाटत नाही.

आता ज्या मताशी भांडायचे, त्याकडे वळतो. चित्रपट संपल्यावर सर्वाधिक ऐकू आलेला अभिप्राय असा: "लोभापायी गेले." बर्फाचे यंत्र बिघडले, मासे सडतील, पैसा बुडेल, म्हणून वादळ समोर दिसत असतानाही ही माणसे त्यात शिरली, मग दोष कोणाला द्यायचा? सुशिक्षित माणसेही असेच बोलली. एका गृहस्थांनी तर याला लोभाच्या पापाचा दृष्टान्त ठरवले.

प्रेक्षकांनी पडद्यावर जे पाहिले त्यावरून हा निष्कर्ष निघतो, हे खरे. चित्रपटात तांडेल हवामानाचा कागद हातात घेऊन खलाशांसमोर उभा राहतो. थांबलो तर मासळी जाईल, निघालो तर वादळातून जावे लागेल, असे दोन पर्याय तो मांडतो, आणि सगळे जण निघण्याच्या बाजूने कौल देतात. दृश्य जोमदार आहे. पण ते तसे घडले नव्हते. लिंडा ग्रीनलॉ या त्याच काळात 'हॅना बोडेन' या बोटीच्या तांडेल होत्या आणि टाइन यांच्याशी रेडिओवर बोलत असत. चित्रपटात त्यांची भूमिका मेरी एलिझाबेथ मास्ट्रान्टोनियो यांनी केली आहे. चित्रपटातील नेमक्या याच गोष्टीविषयी ग्रीनलॉ यांनी जाहीर खंत व्यक्त केली. टाइन आणि त्यांचे सोबती जाणूनबुजून वादळात शिरले नाहीत. वादळाने गाठले तेव्हा त्यांच्या परतीच्या प्रवासाचे तीन दिवस उलटून गेले होते, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे ज्या एका प्रसंगावरून आमच्या प्रेक्षकांनी सहा मृतांना लोभी ठरवले, तोच प्रसंग पटकथेच्या सोयीसाठी रचलेला आहे. आपत्तिपटाला नायकाने काहीतरी 'निवडावे' लागते. नुसते घरी निघालेल्या माणसाला वाटेत मरण आले, एवढ्यावर असा महागडा चित्रपट उभा राहत नसावा.

आपल्याकडे २०१७ साली ओखी चक्रीवादळाच्या वेळी हेच पाहायला मिळाले. नोव्हेंबर संपता संपता कन्याकुमारीच्या खाली वादळ झपाट्याने उठले. खोल समुद्रातील बोटी त्याआधी कित्येक दिवस निघून गेल्या होत्या. इशारा किनाऱ्यावर आला, पण ज्यांच्यासाठी होता ते किनाऱ्यावर नव्हते. केरळ आणि तमिळनाडूचे अनेक मच्छीमार परतले नाहीत. त्यांत आपल्या धर्मबांधवांची संख्या मोठी होती. सुमारे साडेनऊशे मच्छीमार ६८ बोटींसह आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागले, म्हणून वाचले. तेव्हाही "इशारा असताना गेलेच कशाला?" हा प्रश्न कोरड्या जमिनीवरून विचारला गेलाच.

मात्र ग्रीनलॉ यांची साक्ष बाजूला ठेवली आणि पटकथेतला तो कौल खरा मानला, तरी 'लोभ' हा शब्द आम्हांला पटत नाही, आणि त्याचे कारण चित्रपटातच आहे. प्रेक्षक ज्या पहिल्या भागात कंटाळले, लाटा कधी येणार म्हणून ज्याची वाट पाहत बसले, त्याच भागात सगळा हिशेब मांडलेला आहे. बोट कमी मासळी घेऊन परत येते. अशा बोटींवर पगार नसतो, वाटा असतो. डिझेल, आमिष, बर्फ, किराणा यांचा खर्च आधी वजा होतो, मालकाचा मोठा वाटा निघतो, आणि उरलेल्यातून खलाशांच्या हाती पडते. आपल्या कोळीबांधवांना हे समजावून सांगायला नको. बॉबीला घटस्फोटाच्या वकिलाचे पैसे द्यायचे आहेत आणि क्रिस्टिनासोबत घर मांडायचे आहे. मर्फला आपल्या लहान मुलाची काळजी आहे. टाइनला मालकाचे टोमणे खावे लागतात. हंगाम संपत आलेला असताना पुन्हा समुद्रावर जाण्याचा बेत यातून ठरतो. ज्याच्याजवळ आहे त्याने आणखी मागावे याला लोभ म्हणतात. येथे तर मागचे देणे फेडायचे आहे.

आमच्या जिल्ह्यातील प्रेक्षकाला हे वास्तविक सर्वांआधी कळायला हवे होते. मृगाचा पाऊस दडी मारतो, पेरलेले करपते, आणि शेतकरी कृषी केंद्रातून उधारीवर बियाण्याची पिशवी उचलून दुबार पेरणी करतो, तेव्हा त्याला कोणी लोभी म्हणत नाही. पेरले नाही तर आधीचे कर्जही बुडते, हे गावात सर्वांना ठाऊक असते. भाव वाढेपर्यंत कापूस घरात ठेवण्याची ऐपत नसते, कारण चुकारा हाती येण्याआधीच तो वाटला गेलेला असतो. बिघडलेल्या बर्फाच्या यंत्राचा अर्थ वेगळा काय? २००६ साली पंतप्रधान मनमोहनसिंग आमच्या जिल्ह्यातील वायफडला येऊन गेले आणि विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी, ज्यांत वर्धा एक, ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर झाली. त्या काळात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांविषयी शहरांतून काय बोलले जात होते? ऐपत नसताना कर्ज काढले, लग्नात उधळले, दारू प्यायले. तेव्हा ज्यांना त्या बोलण्याचा संताप येत असे, त्यांपैकीच काहींनी ग्लॉस्टरच्या सहा जणांचा निकाल एका वाक्यात लावला. पाणी परके असल्यामुळे असे झाले असावे.

दिग्दर्शकाचीही यात जबाबदारी आहे. पहिल्या भागात त्याने हिशेब दाखवला खरा, पण घाईने. लाटा सुरू झाल्या की तो हिशेब पुसला जातो, आणि उरतो तो सोंडेएवढा छाती काढून वादळाला आव्हान देणारा तांडेल. क्लूनी यांचा चेहरा देखणा आहे, त्यावर काळजीपेक्षा जिद्द अधिक शोभते, आणि पीटरसन यांनी त्या जिद्दीचा मोह आवरला नाही. टाइन सुकाणूवर उभा राहून लाटेवर चढतो तेथे टाळी पडते. खऱ्या तांडेलाला त्या घटकेला टाळीची जागा दिसली असेल, असे वाटत नाही.

स्त्रियांची दृश्ये मात्र आम्हांला फार आवडली. डायन लेन यांची क्रिस्टिना आणि बॉबीची आई यांना पटकथेने फारशी वाक्ये दिलेली नाहीत, आणि तेच बरे झाले. बंदरावरच्या मद्यगृहात त्या दूरचित्रवाणीवरील हवामानाच्या बातम्या पाहत राहतात. आमच्या येथील रुग्णालयात काम करणारी, केरळच्या किनाऱ्यावरून आलेली एक परिचारिका आमच्याबरोबर चित्रपट पाहत होती. लाटांच्या वेळी ती स्वयंपाकघरात चहा टाकायला उठून गेली. त्या दृश्याला मात्र परत आली, आणि उभ्यानेच पाहिले. नंतर तिला मत विचारले, तर म्हणाली, "बातमी ऐकताना आमच्या बायकाही अशाच उभ्या असतात. बसत नाहीत."

ग्लॉस्टरमध्ये पोर्तुगीज मच्छीमारांनी उभारलेले पवित्र मरियेचे एक मंदिर आहे. त्यातील मरियेच्या हातावर शिडाची बोट आहे. ज्या वाचकांच्या घरी चित्रपट पुन्हा लावला जाईल, त्यांना आमची एवढीच विनंती, की मुलांना लाटांपर्यंत पुढे ढकलू देऊ नये. बंदरात मासळीची वजने होतात, खलाशांच्या हातात वाटा ठेवला जातो, आणि ते तो वाटा मोजतात, तेथपासून पाहावे.