गाण्याआधीची दोन वाक्यं

माझ्याकडे रेडिओ नाही. विविध भारती मी फोनवर ऐकतो, आकाशवाणीच्या अ‍ॅपवर. सकाळी ‘भूले बिसरे गीत’ चालू असतं तेव्हा मी डबा भरत असतो, नाहीतर लॅपटॉपचा चार्जर शोधत असतो. त्यात लागणारी बहुतेक गाणी माझ्या जन्माच्या चाळीसेक वर्षं आधीची. त्यामुळे ‘आमच्या वेळी’ असा उसासा टाकायची सोय मला नाही. मग मी हा कार्यक्रम का ऐकतो? याचं उत्तर मला एका पेन ड्राइव्हमुळे मिळालं.

पेन ड्राइव्ह बाबांचा. त्यात जुन्या गाण्यांच्या काहीशे एमपीथ्री फाइली, आणि नावं ‘ट्रॅक ०७’, ‘ओल्ड हिट्स २’ अशी. एका वीकेंडला म्हटलं, स्क्रिप्ट लिहून हे साफ करू. एमपीथ्री फाइलच्या आत गाण्याची माहिती ठेवायला जागा असते. गायक, अल्बम, वर्ष तर असतंच. पण संगीतकारासाठी वेगळी आणि गीतकारासाठीही वेगळी जागा असते. बाबांच्या फाइलींमध्ये या शेवटच्या दोन जागा जवळपास सगळीकडे रिकाम्या होत्या. गायकाच्या रकान्यात कधी गायक, कधी चक्क पडद्यावरचा हीरो.

सोमवारी सकाळी निवेदकाने गाण्याआधी नेहमीची दोन वाक्यं म्हटली. चित्रपट अमुक, गायिका अमुक, शब्द यांचे, संगीत त्यांचं. तोवर ही वाक्यं मी कानाआड करत होतो. त्या दिवशी लक्षात आलं की माझ्या फाइलींमधले रिकामे रकाने इथे रोज कुणीतरी तोंडी भरतंय.

ही वाक्यं आपोआप आलेली नाहीत, त्यांच्यावरून भांडणं झाली आहेत. ‘महल’ (१९४९) मधल्या गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव ‘कामिनी’ असं छापलं होतं. कामिनी म्हणजे सिनेमात मधुबालाने केलेलं पात्र! श्रोत्यांनी रेडिओकडे विचारणा केली, रेडिओने रेकॉर्ड कंपनीला विचारलं, आणि मग लता मंगेशकर हे नाव लोकांना कळलं.

१९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. त्यांना सिनेसंगीताचं वावडं होतं हे आपण ऐकलेलं असतं. भांडणाचा एक मुद्दा मात्र नावाचा होता. चित्रपटाचं नाव सांगणं म्हणजे त्याची जाहिरात, म्हणून गायकाचं नाव सांगायचं आणि चित्रपटाचं गाळायचं, असं आकाशवाणीचं धोरण होतं. निर्मात्यांनी गाणी वाजवायचे परवाने काढून घेतले. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, अमीन सयानींच्या ‘बिनाका गीतमाला’कडे वळले. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली ती या पार्श्वभूमीवर. गीतकाराचं नावही घ्यायला हवं, हा आग्रह साहिर लुधियानवी यांचा. म्हणजे आज सकाळी दहा सेकंदांत संपणाऱ्या त्या वाक्यांत प्रत्येक नावासाठी कुणीतरी हट्ट धरलेला आहे.

आता दुसरा नमुना. एका खासगी एफएम स्टेशनवर रात्री जुन्या गाण्यांचा कार्यक्रम लागतो. आरजेचा आवाज छान आहे. पाऊस, चहा, पहिलं प्रेम, ‘तो सोनेरी काळ’ असं दोन मिनिटं बोलणं होतं आणि गाणं सुरू. कुणी लिहिलं, कुणी बांधलं, काही नाही. आठवणींचा कार्यक्रम म्हणवतो, पण आठवायचं कुणाला ते सांगत नाही. परत तीच वीस-पंचवीस गाणी, जी कुणी विसरलेलंच नाही. हा कार्यक्रम वाईट आहे असं मी म्हणणार नाही, बसमध्ये तो मलाही आवडतो. पण तो एक मूड विकतो, आणि मूडला गीतकार लागत नाही.

नाव घेतल्याने काय फरक पडतो? एका सकाळी ‘हमारी याद आएगी’ (१९६१) मधलं मुबारक बेगम यांचं गाणं लागलं. गीत केदार शर्मा, संगीत स्नेहल भाटकर. मी थबकलो. स्नेहल भाटकर हे नाव मला आजोळी ऐकलेल्या भजनांमुळे ठाऊक होतं. हे तेच, वासुदेव भाटकर. नाव ऐकलं नसतं तर आजोळचं भजन आणि हे गाणं माझ्या डोक्यात कधीच शेजारी आली नसती. मग मुबारक बेगम यांच्याबद्दल वाचत गेलो. इतकं गाजलेलं गाणं गाऊनही शेवटची वर्षं मुंबईत हलाखीत काढून त्या २०१६ मध्ये गेल्या. नुसतं नाव घेतल्याने कुणाचं पोट भरत नाही, हे खरं. पण ज्याचं नावच कुणाला माहीत नाही, त्याची चौकशी तरी कोण करणार?

म्हणूनच विविध भारतीबद्दलही एक तक्रार आहे. तिथली यादी गायक, गीतकार, संगीतकार या तिघांवर थांबते. गाण्याआधी जी व्हायोलिनं वाजतात, मध्ये जो अ‍ॅकॉर्डियन येतो, ते कागदावर मांडणारा अरेंजर कुठे आहे? सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे. शंकर-जयकिशन यांच्या कितीतरी गाण्यांचा वाद्यमेळ त्यांनी रचला. अँथनी गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचे, प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधल्या एका धमाल गाण्यात शिष्याने गुरूचं नाव गुंफलं, म्हणून ते घरोघरी पोचलं. त्यांनी ज्या गाण्यांसाठी काम केलं, त्यांच्याआधी मात्र हे नाव मी एकदाही ऐकलेलं नाही. साहिरनी गीतकारासाठी केला तसा हट्ट अरेंजरसाठी कुणी केला नाही. ‘भूले बिसरे’ हे नाव लावणाऱ्या कार्यक्रमाने तो करायला हरकत नाही. निवेदनात आणखी तीन सेकंद जातील.

‘तेव्हाची गाणी किती गोड होती’ याने माझ्या पिढीला काही होत नाही. आम्हाला गोड गाणी हवी तेवढी मिळतात, एकामागून एक, न थांबता. ती कुणी केली हे गाण्याआधी सांगणारं माणूस मिळत नाही.

बाबांचा पेन ड्राइव्ह अजून पूर्ण झालेला नाही. स्क्रिप्टचा नाद सोडला. आता सकाळी नाव ऐकलं की रात्री ती फाइल शोधून हाताने भरतो. कॉमेंटच्या रकान्यात ‘अरेंजर’ असं लिहून पुढे दोन टिंबं ठेवतो. आत्तापर्यंत त्यातली फक्त सहा भरली आहेत.