निवाडा न करणारा वैद्य

जिनीव्हाचे डॉक्टर पॉल तूर्निए (१८९८–१९८६) हे व्यवसायाने वैद्य, श्रद्धेने ख्रिस्ती. रोग्याच्या देहाबरोबर त्याचे मनोगतही जाणावे, हा विचार त्यांनी १९४० च्या पहिल्या ग्रंथात मांडला. अपराधभावनेवरील त्यांच्या १९५८ च्या फ्रेंच ग्रंथात तो अधिक खोल गेला आहे. लोकनिंदेच्या भयाने उपजते ती खोटी अपराधभावना. ईश्वरी न्यायापुढे जाणवते ती खरी, असा भेद ते करतात. नीतीचा बडगा उगारणारी धर्मसंस्थाच पुष्कळदा पहिलीला खतपाणी घालते, हे श्रद्धावान ख्रिस्ती लेखकाने लिहावे, यात त्यांचे धैर्य दिसते.

तथापि वकिली करणाऱ्यास एक शंका येतेच. न्यायालयात कायदा उभय पक्षांस ठाऊक असतो. येथे ईश्वराचा कौल कोणी वाचायचा? अश्रद्ध रोग्यापुढे तर ही कसोटी लंगडीच पडते. परंतु तूर्निए स्वतः न्यायासनावर बसत नाहीत, हे त्यांचे मोठेपण. रोग्याने आपला दोष स्वमुखाने उच्चारावा, वैद्याने तो निवाडा न करता ऐकावा, हा त्यांच्या उपचाराचा गाभा आहे. सिद्धांत अपुरा वाटला तरी ही रीत मोलाची. देवळाच्या पायरीवर बसून दुसऱ्याच्या पापांची मोजदाद करणाऱ्या आपणांसही ती शिकण्याजोगी आहे.