चौसष्ट घरांतलं कोणतं सोडायचं?

'इन्टू द ब्रीच' हा गेम माझ्या भाच्याला आवडला नाही. त्यानं दिलेलं कारण मला अजून पुरतं खोडता आलेलं नाही, म्हणून हा लेख.

भाचा पुण्याहून सुट्टीला आमच्याकडे राजारामपुरीत आला होता. मी माझा जुना लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला, अर्धा तास त्याला खेळू दिलं आणि अपेक्षेनं त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "मामा, हे सगळं आधीच सांगतंय की. कोण कुठं मारणार, किती मारणार. मग खेळायचं काय?"

ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सबसेट गेम्स ही जस्टिन मा आणि मॅथ्यू डेव्हिस या दोघांनी काढलेली छोटी कंपनी. 2012 मध्ये त्यांनी 'एफटीएल' नावाचा अंतराळयानाचा गेम केला आणि 2018 च्या फेब्रुवारीत 'इन्टू द ब्रीच' आणला. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये त्याला सर्वोत्तम स्ट्रॅटेजी गेमचा पुरस्कार मिळाला. 2022 मध्ये वाढीव आवृत्ती आली आणि नेटफ्लिक्समार्फत तो मोबाइलवरही पोचला. पट बुद्धिबळाचाच, आठ गुणिले आठ. जमिनीखालून वेक नावाचे राक्षसी किडे वर येतात. आपल्याकडे तीन अजस्र यंत्रं, प्रत्येकात एक चालक. पटावर डोंगर, पाणी, जंगल आणि मधेमधे माणसांच्या इमारती. इमारत पडली की शहराच्या विजेच्या जाळ्यातली एक रेघ विझते. सगळ्या रेघा विझल्या की डाव संपला.

गंमत अशी की किडे आधी आपली जागा घेतात आणि कोणत्या घरावर हल्ला करणार ते दाखवून थांबतात. मग आपली फेरी. आपण आपली यंत्रं हलवायची, ठोसे मारायचे, किड्यांना एखादं घर इकडेतिकडे ढकलायचं. त्यानंतर जाहीर केलेले हल्ले होतात. एखाद्या किड्याला एक घर सरकवलं तर इमारतीवर पडणारा त्याचा घाव शेजारच्या किड्यावर पडतो. मारण्यापेक्षा ढकलणं जास्त कामाचं, हे कळायला दोन-तीन डाव जातात.

भाच्याच्या आक्षेपाकडे वळण्याआधी 'रोगलाइक' या शब्दाचं काहीतरी केलं पाहिजे. मराठीत तो ऐकायलाच वाईट वाटतो. त्याचा आजाराशी संबंध नाही. 1980 च्या सुमारास युनिक्स संगणकांवर 'रोग' नावाचा गेम आला. त्यात चित्रंच नव्हती, अक्षरांनी काढलेलं तळघर होतं आणि त्यात @ या चिन्हाच्या रूपात आपण. तळघर दर वेळी वेगळं बनायचं आणि मेलात की मेलात, पहिल्यापासून सुरुवात. या दोन गोष्टी, म्हणजे दर वेळी नवा पट आणि कायमचा मृत्यू, ज्यात असतात त्या गेमांना ढोबळपणे रोगलाइक म्हणतात. 'इन्टू द ब्रीच' त्या घराण्यातला आहे की नाही यावर खेळणारे हिरिरीनं भांडतात. मला तो वाद गोत्राच्या वादाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

दुसरा शब्द 'रेट्रो'. गेमची चित्रं जाड जाड चौकोनी ठिपक्यांची आहेत. माझ्या वयाच्या बऱ्याच जणांना तेवढ्यानंच तो आवडतो. नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीत ज्याच्या घरी 'टीव्ही गेम' होता त्याच्या घरी दुपारी चपला मावायच्या नाहीत. अस्सल निन्टेन्डो कोणी बघितला होता? आमचं सगळं नकलेवर चाललं होतं. 'नऊ लाख नव्याण्णव हजार इन वन' असं छापलेल्या कॅसेटमध्ये दहा-बारा गेम फिरून फिरून यायचे, आणि कॅसेट चालली नाही की तोंडाने फुंकर मारायची. त्यामुळे ठिपक्यांची चित्रं बघितली की आमच्या पिढीला गहिवर येतो. पण या गेमचं कौतुक करताना हा गहिवर बाजूला ठेवलेला बरा. इथले ठिपके कामाचे आहेत. चौसष्ट घरांवर काय काय चाललंय ते एका नजरेत वाचता यावं, म्हणून चित्र एवढं साधं ठेवलंय. आकडेही तसेच. घाव एकचा, दोनचा, फार तर तीन-चारचा. तोंडी हिशेब करता येतो. याच्या जागी धूर आणि ठिणग्या असत्या तर पुढच्या घावाची जबाबदारी माझ्यावर टाकताच आली नसती. मला दिसलं नाही, असं म्हणून मी सुटलो असतो.

आता भाच्याचं म्हणणं. आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. तरुणपणी ते सांगलीला नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धांना जायचे, भाऊसाहेब पडसलगीकरांच्या आठवणी सांगतात. पट आठ बाय आठचा आहे म्हटल्यावर तेही खुर्ची ओढून बसले. तासाभरानं त्यांनी निकाल दिला, "हे बुद्धिबळ नव्हे. वर्तमानपत्रात 'दोन चालींत मात करा' असं कोडं येतं ना, ते आहे." मी म्हटलं, "सर, पण कोडं दर वेळी नवं असतं." ते म्हणाले, "असेल. पण समोरचा विचार कुठं करतोय? बुद्धिबळात पट दिसतो, मन दिसत नाही. इथं मनही उघडं आहे."

भाचा आणि सर, दोघांचा मुद्दा एकच आहे आणि तो अर्धा खरा आहे. समोरच्याचं मन ओळखण्याचा थरार इथं नाही. 'एक्सकॉम'सारख्या गेममध्ये बंदूक रोखल्यावर नव्वद टक्के असा आकडा दिसतो आणि तरीही नेम चुकतो, तेव्हा खेळणारा टेबलावर मूठ आपटतो. तेही इथं नाही. पण कोड्याला उत्तर असतं. या गेममधल्या बऱ्याच फेऱ्यांना उत्तर नसतं. तीन यंत्रं आणि चार हल्ले अशी स्थिती वारंवार येते. एका किड्याला ढकललं, दुसऱ्याला पाण्यात बुडवलं. सरळ रेषेत थुंकणाऱ्या तिसऱ्याच्या आणि इमारतीच्या मधे माझं यंत्र उभं करता येईल, पण त्यात आता एवढा दम उरलेला नाही, आतला चालक मरेल. चौथ्याचं काय करायचं ते तर सुचतच नाही. म्हणजे चालक, इमारत किंवा सांभाळायला सांगितलेली आगगाडी, यातलं काहीतरी जाणार. मन ओळखण्याचा प्रश्न संपला की मोल ठरवण्याचा प्रश्न उरतो, आणि तो कोड्यात नसतो.

मराठीत पटावरच्या चौकोनाला आपण घर म्हणतो. हा गेम मराठीत नाही, पण इथं घर म्हणजे खरंच घर आहे. आतली माणसं मधूनच एखाद्या वाक्यात बोलतात, आपली यंत्रं आली म्हणून आनंदतात.

नशिबाबद्दलचं तिसरं मत माझ्या एका मित्राचं. तो म्हणतो, गेम वरवर हिशेबी आहे, खरा खेळ नशिबाचा. त्याचा पुरावा म्हणजे इमारतींचा बचाव. कोणत्याही घावातून इमारत तगून जाण्याची शक्यता सुरुवातीला पंधरा टक्के असते. मित्र आपल्या 'पंधरा टक्क्यांनी वाचलो'च्या कथा रंगवून सांगतो, उरलेल्या पंच्याऐंशीच्या कधीच सांगत नाही. मला यात वेगळंच दिसतं. नवे किडे कुठून निघतील, दुकानात कोणतं हत्यार मिळेल, यात नशीब आहेच. पण घाव पडतानाचं नशीब फक्त माझ्या बाजूनं काम करतं. एक्सकॉममध्ये नशीब माझं नुकसान करतं आणि मी त्याला शिव्या देतो. इथं ते फक्त दया करू शकतं. दया झाली नाही, तर शिव्या द्यायला माझ्याशिवाय कोणी उरत नाही. 'हा गेम अन्यायी आहे' असं म्हणणारे मला भेटले आहेत. थोडं खोदलं की बहुतेकांना अन्याय नव्हे, जबाबदारी खुपत असते.

हे मला गेम खेळून कळलं असं म्हणणं खोटं ठरेल. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा वाढायला लागली तेव्हा राजाराम बंधाऱ्यावरची पातळी तासातासाला फोनवर येत होती. 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. राधानगरीचे किती दरवाजे उघडले तेही कळत होतं. सगळं आधीच सांगितलं जात होतं. आम्ही चार-पाच जण बापट कॅम्पात ओळखीच्या एका कुंभारमामांच्या शेडमध्ये पोचलो तेव्हा पाणी यायला थोडा वेळ होता, टेम्पोच्या जेमतेम दोन खेपा होतील एवढा. 2 सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. शेडभर मूर्ती उभ्या, काही रंगवून झालेल्या, मंडळांनी बयाणा दिलेल्या. मी सरळ त्या उचलायला गेलो. मामा म्हणाले, "त्या ऱ्हाऊ द्यात. आदी साचं घ्या."

साचे असले तर पुढच्या वर्षी मूर्ती होतील, असा त्यांचा हिशेब. दुसऱ्या खेपेत मावल्या तेवढ्या लहान मूर्ती घेतल्या. मोठ्या तिथंच राहिल्या. पुढचे काही दिवस हायवे बंद, नळाला पाणी नाही, बऱ्याच भागांत वीज नाही. ते सगळं इथल्या वाचकांना सांगायला नको.

पुराची गेमशी तुलना करणं स्वस्त आहे, हे मला कळतं. मी ती करतोय, कारण गेमचा सर्वांत मोठा दोष मला त्यातूनच दिसला. हरल्यावर या गेममध्ये काय होतं? जिवंत असलेल्या चालकांपैकी एकाला आपण निवडतो आणि तो काळाच्या फटीतून दुसऱ्या कालरेषेत उडी मारतो. त्याचा अनुभव त्याच्याबरोबर जातो, म्हणजे साचा वाचतो. इथवर गेम आणि कुंभारमामा यांचं जुळतं. पण मामा पाणी ओसरल्यावर त्याच शेडमध्ये परत गेले आणि भिजून ढासळलेल्या मूर्तींचा चिखल फावड्यानं बाहेर काढला. गेम मागे उरलेलं शहर परत दाखवत नाही. पटावरची माणसं तिथंच राहतात, आपल्यासमोर नवं कोरं बेट येतं.

त्यात भर म्हणजे निर्दोष खेळाचं बक्षीस. बेटावरची एकही कामगिरी न चुकवता पार पडलात तर वरची देणगी मिळते. त्यामुळे माझ्या ओळखीतले बरेच खेळाडू पहिल्याच बेटावर एखादं काम बिघडलं की डाव सोडून नवा मांडतात. मीही कितीतरी वेळा केलंय. प्रत्येक लढाईत एक फेरी मागे घ्यायची सोय आहे, ती मला रास्त वाटते. माणसाच्या हातून बोट चुकतं. पण अख्खं शहर मागे घ्यायची सवय लागली की ज्या प्रश्नासाठी गेम उभा आहे तोच विरून जातो. मग भाचा बरोबर ठरतो. उरतं ते कोडं, आणि ते चुकलं की पान उलटायचं.

एक कामगिरी तर कोल्हापूरकरानं खेळावी अशीच आहे. पहिल्या बेटावर कधी कधी जुनं धरण फोडायला सांगतात. फोडलं की पाणी पटावरून वाहतं, वाटेतले किडे बुडतात आणि आपल्याला बक्षीस मिळतं. पाणी जिथून जातं तिथं कोणाचं घर नसतं, तशी काळजी पट मांडतानाच घेतलेली असते. अलमट्टीच्या फुगवट्यावरून दोन राज्यांत वर्षानुवर्षं चाललेला वाद ऐकत मोठा झालेला माणूस इथं हसल्याशिवाय राहत नाही. एवढ्या चोख हिशेबाच्या गेमला एक हिशेब मुद्दाम टाळावा लागला आहे.

तरीही मी तो खेळतो, आणि मित्रांना खेळायला लावतो. वीस-पंचवीस तासांत संपतो, या तक्रारीत मला दम वाटत नाही. चार बेटांपैकी दोन सोडवूनही शेवटच्या लढाईला जाता येतं, म्हणून काहींना तो पुरेसा लांब वाटत नाही. माझ्या मते लांबी डावांच्या संख्येवर मोजू नये. बिघडलेला एकच डाव शेवटपर्यंत नेऊन बघा, विजेच्या दोन रेघा उरलेल्या आणि एक चालक गेलेला असताना. तेव्हा प्रत्येक फेरीला दहा मिनिटं लागतात.

भाचा जाण्याच्या आदल्या रात्री मी त्याला अट घातली: एक डाव, अधे-मधे सोडायचा नाही. दुसऱ्या बेटावर त्याची एक इमारत पडली. त्याचा हात सवयीनं डाव सोडायच्या बटणाकडे गेला आणि थांबला. पुढचा अर्धा तास तो काही बोलला नाही. डाव हरलाच. मी विचारलं, "आता?"

"अजून कोडंच वाटतंय," तो म्हणाला. "पण ती दवाखान्याशेजारची सोडायला नको होती."

पटावर दवाखाना नव्हता. तो त्यानं मनानंच मांडला होता.