खांदेरीचें युद्ध आणि वर्गांतील वृत्तपत्र

गतकालीन युद्धाचें वृत्तपत्र विद्यार्थ्यांकडून लिहवून घेण्याचा पाठ शिक्षकांस प्रिय आहे. रेवसकडील शाळांस त्याकरितां इ. स. १६७९ चें खांदेरीचें युद्ध जवळचें. मुंबई समोर, थळ दक्षिणेस. परंतु अशा पत्रांत कालविपर्यास फार होतो. मराठी 'दर्पण' १८३२ सालीं निघालें, तेव्हां १६७९ चें वृत्तपत्र ही मुळांतच कल्पना. हा दोष किरकोळ, पाठाच्या सोयीसाठीं क्षम्य. मात्र १८ आक्टोबरच्या लढाईच्या बातमींतच इंग्रजांचा १६८० चा तह डोकावला, तर ती बातमी नव्हे, पश्चाद्बुद्धि होय! त्या दिवशीं 'डव्ह' गुराब मराठ्यांच्या हातीं लागली, 'रिव्हेंज' टिकून लढलें. म्हणजे थळास एक वार्ता, मुंबईस दुसरी. दोन्हीं ठिकाणचे अंक निरनिराळ्या मुलांकडून लिहवावे. शिवाय इंग्रजांची १८ ती पोर्तुगीजांची २८. चौलचा अंक काढल्यास त्यावर हीच तारीख हवी. सिद्दीनें उंदेरी घेतली ती १६८० च्या जानेवारींत. आक्टोबरच्या नकाशांत तेथें त्याचें निशाण काढूं नये.