रेषा व रंग
रेषा व रंग : दृश्यकलेचे दोन मूलघटक. रेषा पृष्ठभाग विभागून आकार निश्चित करते आणि रंग त्या आकाराला वजन, अंतर व भाव देतो, अशी त्यांची ढोबळ विभागणी केली जाते. ती अध्यापनास सोयीची असली, तरी प्रत्यक्ष कलाकृतीपुढे फारशी टिकत नाही. निसर्गात बाह्यरेषा नसतेच. दोन भिन्न रंगक्षेत्रे जेथे भिडतात, तेथे डोळा ती कल्पितो. रंगही एकटा दिसत नाही. शेजारच्या रंगाप्रमाणे तो उजळ वा मलिन भासतो. या परिणामाची पद्धतशीर मांडणी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शव्हरल (१७८६–१८८९) याने १८३९ मध्ये केली.

यूरोपीय कलाविचारात मात्र हे दोन घटक प्रतिस्पर्धी मानले गेले. सोळाव्या शतकातील इटलीत फ्लॉरेन्सचे चित्रकार रेखनाचे, तर व्हेनिसचे रंगाचे पुरस्कर्ते समजले जात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच अकादमीत पूसँ व रूबेन्स यांच्या चाहत्यांनी हाच वाद पुढे चालविला. एकोणिसाव्या शतकात हा मापदंड मराठवाड्यातील अजिंठ्यालाही लावला गेला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. सोळाव्या लेण्यातील ‘मरणासन्न राजकन्या’ या चित्राविषयी त्यांचा अभिप्राय असा, की फ्लॉरेन्सच्या चित्रकाराने याहून सरस रेखन केले असते, व्हेनिसच्या चित्रकाराने सरस रंग भरला असता. परंतु भावाभिव्यक्तीत दोघांनाही याच्या पुढे जाता आले नसते. ही प्रशंसा मनःपूर्वक होती. तथापि तिच्यात एक तार्किक दोष आहे. चित्रातील भाव रेषा व रंग यांखेरीज तिसऱ्या कोणत्या साधनाने उमटणार? साधने उणी आणि फल मात्र सर्वोत्कृष्ट, हे संभवत नाही. उणेपण चित्रात नसून मापदंडात होते.

अजिंठ्याची चित्रणपद्धती पाहिली, की हे अधिक स्पष्ट होते. माती, वनस्पतितंतू व साळीचा कोंडा यांच्या गिलाव्यावर पांढरा पातळ हात देऊन कोरड्या पृष्ठावर रंग लावीत. प्रथम तांबड्या रंगात आराखडा काढीत, मग रंग भरीत आणि अखेरीस गडद रंगाने आकार पुन्हा रेखीत. म्हणजे रेषा रंगाच्या आधीही येते आणि नंतरही. पहिली रेषा रंगाखाली लोपते. शेवटची रेषा लागलेला रंग पाहून काढलेली असते. म्हणूनच ती सर्वत्र सारख्या जाडीची नाही. सोळाव्या लेण्यातील ही स्त्री आता सामान्यतः नंदाची पत्नी सुंदरी मानली जाते. तिची कललेली मान, अर्ध्या मिटलेल्या पापण्या व गळून गेलेले अवयव यांत रेषेचे वळणच शरीराचे शैथिल्य सांगते; कडा दाखविणे हे तिचे गौण कार्य होय. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीची उजळ काया भोवतीच्या सावळ्या आकृती व गडद पर्णराजी यांमुळे पुढे येते. एका बाजूने येणारा प्रकाश व त्याची पडछाया तेथे शोधू जाणाऱ्यास हे रंगकार्य उणे वाटणारच. गेरू, पिवळी व हिरवी माती, काजळ, पांढरा आणि उत्तरकालीन लेण्यांतील लाजवर्दाचा निळा एवढ्या मोजक्या रंगांत हे साधले आहे.

विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात आचार्य रेषेची, विचक्षण वर्तनेची, स्त्रिया अलंकरणाची व इतर जन रंगसमृद्धीची वाखाणणी करतात, असे म्हटले आहे. यावरून भारतीय चित्रकला रेषाप्रधान ठरविण्याची प्रथा पडली. परंतु पत्रजा, ऐरिक व बिंदुजा हे वर्तनेचे प्रकार पाहता, घनता दाखविण्याचे हे कार्य पानाच्या शिरांसारख्या रेषांनी किंवा ठिपक्यांनीही होई. त्या वचनात प्रेक्षकांचे वर्ग पाडले आहेत. घटकांचे वैर त्यात नाही.

लोककलांत पार्श्वभूमीचा रंग किती निर्णायक ठरतो, हे वारली चित्रांत दिसते. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेषा, एवढीच तेथील सामग्री. जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी ती कागदावर व कापडावर नेली, तेव्हाही मातकट पृष्ठभाग राखला. त्याऐवजी भडक रंगाच्या वस्तूंवर हीच आकृती छापली जाते, तेव्हा रेषा तीच असूनही चित्र निर्जीव होते. दुसऱ्या टोकाला वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांची उत्तरकालीन अप्रतिरूप चित्रे येतात. त्यांत बाह्यरेषा जवळजवळ नाही. मात्र रोलर व पॅलेट नाइफ यांनी चढविलेले आणि काढलेले रंगथर जेथे थांबतात, तेथील अस्फुट कडा रेषेचेच काम करते.

दैनंदिन जीवनात याचे उदाहरण अंगणात सापडते. बीड जिल्ह्यातील तेलगावसारख्या गावी शेणाने सारवलेल्या गडद भुईवर चिमटीतून सोडलेली पांढरी रांगोळी रंगाविना पुरते. फिकट फरशी आली, की तीच रेषा पुसट दिसते व रंग भरणे आवश्यक होते. हा बदल अनेकदा हौसेचा मानला जातो; वस्तुतः त्याचे मूळ भुईच्या रंगात आहे.